धावपट्टीच्या जागी उद्यान



सार्वजनिक मालकीची एखादी जमीन ज्या कामासाठी घेतलेली असते ते काम संपले, म्हणजे तिचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक प्रशासनापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. अशा जमिनीवर अनेकांची दृष्टी असते आणि प्रत्येकाचे म्हणणे काही अंशी रास्तही असते. अमेरिकेच्या वायव्य भागातील सिॲटल शहराने असा एक प्रश्न कसा हाताळला, याची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

सिॲटलच्या पूर्व अंगाला वॉशिंग्टन सरोवर पसरलेले आहे. या सरोवरात शिरलेला जमिनीचा एक भाग सँड पॉइंट या नावाने ओळखला जातो. मूळ रहिवासी जमातींचा वावर या काठावर फार पूर्वीपासून होता. पुढे समुद्र व सरोवर यांना जोडणारा कालवा खोदण्यात आला आणि १९१६ मध्ये सरोवराची पातळी सुमारे ९ फुटांनी खाली गेली. काठाची बरीच जमीन उघडी पडली. १९२० च्या सुमारास स्थानिक काउंटी प्रशासनाने सँड पॉइंट येथे विमानतळासाठी जागा घेण्यास आरंभ केला आणि १९२६ मध्ये ती नौदलाच्या स्वाधीन केली.

त्यापूर्वीच या जागेचे नाव जगाच्या इतिहासात नोंदले गेले होते. ६ एप्रिल १९२४ रोजी अमेरिकी सैन्याची चार विमाने येथून पृथ्वीप्रदक्षिणेसाठी निघाली. त्यांपैकी एक अलास्कात कोसळले, दुसरे अटलांटिक महासागरात गमवावे लागले. उरलेली दोन विमाने १७५ दिवसांनी, २८ सप्टेंबर रोजी, सँड पॉइंटलाच परत आली. विमानांनी पृथ्वीला घातलेली ही पहिली प्रदक्षिणा. वाटेत कलकत्त्यास विमानांचे पाण्यावर तरंगणारे तराफे काढून चाके बसविण्यात आली. तेथून अलाहाबाद, अंबाला व मुलतान या मार्गाने विमाने कराचीस पोहोचली. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्यात असल्याने मुंबई इलाख्याच्या भूमीलाही या विमानांची चाके लागली, असे म्हणता येईल. या उड्डाणाचा स्मृतिस्तंभ सँड पॉइंटच्या प्रवेशद्वाराजवळ आजही उभा आहे.

नौदलाने येथे धावपट्ट्या, विमानघरे, बराकी व कार्यशाळा उभारल्या. जमीन सपाट करण्यात आली, पाणथळ भाग बुजविण्यात आले. ‘मड लेक’ नावाचे एक लहान तळेही त्यात नाहीसे झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील मोहिमांना साह्य करणारा हा एक गजबजलेला तळ होता. युद्ध संपले, विमानांचे स्वरूप बदलले आणि १९७० मध्ये येथील नौदलाचे विमानतळ म्हणून चालणारे काम बंद झाले.

खरा प्रश्न येथून पुढे उभा राहिला. धावपट्टी तयारच आहे, तर खाजगी व लहान विमानांसाठी ती चालू ठेवावी, असे एका पक्षाचे म्हणणे होते. तयार सोय मोडण्यात शहाणपण नाही, हा त्यांचा युक्तिवाद सहज झिडकारण्याजोगा नव्हता. शहरातील सरोवराचा काठ एकदा हातचा गेला म्हणजे पुन्हा मिळत नाही, म्हणून तेथे उद्यान व्हावे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. अखेर १९७४ मध्ये हा प्रश्न सिॲटलच्या मतदारांपुढे ठेवण्यात आला. मतदारांनी विमानतळाच्या विरोधात कौल दिला. पुढे जमिनीचा काही भाग समुद्र व हवामान यांचा अभ्यास करणाऱ्या संघराज्य सरकारच्या संस्थेकडे आणि मोठा भाग शहराकडे आला. १९७७ मध्ये उद्यानाला वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वॉरन मॅग्नसन यांचे नाव देण्यात आले.

आज हे उद्यान सुमारे ३५० एकरांचे आहे. सरोवरात पोहण्यासाठी व नावा उतरविण्यासाठी घाट, खेळाची मैदाने, पायवाटा, नागरिकांनी मिळून फुलविलेली बाग, पतंग उडविण्यासाठी टेकडी, एवढेच नव्हे तर कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी राखून ठेवलेली जागा, असा त्याचा विस्तार आहे. एके ठिकाणी जुन्या पाणबुड्यांचे २२ पोलादी पंख जमिनीत उभे रोवले आहेत. पाहणाऱ्यास ते पाण्याबाहेर डोकावणाऱ्या देवमाशांच्या पाठीवरील पंखांसारखे वाटतात. नौदलाने बुजविलेल्या पाणथळीचा काही भाग २००० नंतरच्या दशकात पुन्हा खोदून तयार करण्यात आला. मैदानांवरील पावसाचे पाणी आता या डबक्यांतून निवळत सरोवराकडे जाते. बेडूक व पक्षी यांना तेथे पुन्हा आसरा मिळाला आहे.

परंतु मतदानाने सर्व प्रश्न सुटले, असे समजणे चुकीचे ठरेल. नौदलाकडे उरलेला भाग १९९५ मध्ये बंद झाला, तेव्हा आणखी जमीन व अनेक जुन्या इमारती हाती आल्या. तळ बंद झाल्यावर त्याच्या नव्या उपयोगाचा विचार करताना बेघरांच्या गरजाही लक्षात घ्याव्यात, अशी तरतूद अमेरिकी कायद्यात १९९४ मध्ये करण्यात आली होती. त्यानुसार येथे बेघर कुटुंबांसाठी घरे उभी राहिली. नौदलाची एक प्रचंड बराक मात्र दोन दशके ओस पडून होती. तिचे रूपांतर होऊन २०१९ मध्ये तेथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १४८ घरे तयार झाली. २०१० मध्ये तळाच्या जुन्या भागाचा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत समावेश झाला. त्यामुळे इमारती पाडणे अवघड आणि राखणे खर्चाचे, असा पेच कायमच राहिला. मैदानांवर रात्रीचे दिवे असावेत की नसावेत, यावरही खेळाडू आणि शेजारचे रहिवासी यांच्यात दीर्घकाळ वाद चालला.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. विमानातील उपकरणांच्या तबकड्या अंधारात दिसाव्यात म्हणून त्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत. तळ बंद होऊन बरीच वर्षे लोटल्यानंतर काही इमारतींत त्या रेडियमचे अंश आढळले आणि नौदलाला सफाईचे काम हाती घ्यावे लागले. जमीन हस्तांतरित होते तेव्हा तिच्याबरोबर तिचा भूतकाळही हस्तांतरित होतो. म्हणून ताबापावतीवर सही होण्यापूर्वी माती, पाणी व भिंती यांची तपासणी होणे अत्यावश्यक असते. पुढे होणारा खर्च आणि जनतेच्या मनात येणारी शंका, दोन्ही त्यामुळे टळू शकतात.

सँड पॉइंटच्या हकीकतीत दोन निर्णय वेगळे करून पाहिले पाहिजेत. जमीन कशासाठी, हा निर्णय एका मतदानात झाला. ती जमीन कोणाकोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हा निर्णय मात्र अर्धशतक चालू राहिला आणि आजही संपलेला नाही. पोहणारी मुले, खेळाडू, पक्षिनिरीक्षक, इतिहासाचे अभ्यासक आणि जुन्या बराकीत नव्याने संसार मांडलेली कुटुंबे, या सर्वांचा त्या काठावर हक्क आहे. पहिल्या निर्णयाचे श्रेय मतदारांना जाते. दुसऱ्याचा भार मात्र वर्षानुवर्षे बैठका घेणाऱ्या, हिशेब मांडणाऱ्या आणि तक्रारी ऐकून घेणाऱ्या माणसांनी वाहिलेला आहे. सार्वजनिक जमीन ज्यांच्या हाती सोपविलेली असते, त्यांनी हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे मानावे, एवढेच या उदाहरणावरून सांगावयाचे आहे.