पाळकाला धीर कोण देतो?

'पाळक' हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजाने मोठा नेमका उचलला आहे. मेंढपाळ, गोपाळ यांच्याच कुळातला तो. माळावरून मेंढरे घेऊन जाणाऱ्या धनगराचा कोणी सत्कार करीत नाही. एखादे मेंढरू हरवले म्हणजे मात्र सगळे त्याला विचारतात. मंडळीच्या पाळकाचीही गत बहुधा अशीच. रविवारी उपासना चालवावी, मुलांना बाप्तिस्मा द्यावा, लग्ने लावावीत, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, आणि कोणी गेले तर कबरीपर्यंत सोबत जावे. दुसऱ्याला धीर देणे हाच ज्याचा रोजचा उद्योग, त्याला स्वतःला धीर कोण देतो? आणि त्या कामात आनंद असतो, असे म्हणतात, तो नेमका कोठे असतो?

याचे उत्तर शोधताना मला चार्ल्स सिमियन या इंग्रज पाळकाची आठवण होते. जन्म 1759 चा. 1782 च्या नोव्हेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, केंब्रिज शहरातल्या होली ट्रिनिटी चर्चवर त्याची नेमणूक झाली. नेमणूक बिशपसाहेबांनी केली. पण मंडळीला हवा होता तिथला जुना सहायक पाळक. मग काय विचारता! लोक रुसले, आणि रुसले ते साधेसुधे नव्हे.

त्या काळी इंग्लंडातल्या चर्चमध्ये बसायची बाके लाकडी दारांनी बंदिस्त केलेली असत, आणि ती घराघराच्या वहिवाटीची असत. मंडळीतल्या कर्त्या लोकांनी आपापल्या बाकांना कुलपे लावली आणि आपण घरी बसले. म्हणजे स्वतः यायचे नाही, आणि जो येईल त्याला बसूही द्यायचे नाही. सिमियनने पदरचे पैसे खर्चून मधल्या वाटेत बाकडी मांडली. चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर आवारात फेकून दिली. जे कोणी ऐकायला येत, ते उभे राहून ऐकत. त्याने संध्याकाळची उपासना सुरू केली, तर चर्चच्या दारालाच कुलूप लागले. दुपारच्या प्रवचनासाठी माणूस निवडण्याचा हक्क मंडळीकडे होता. तिने पहिली पाच वर्षे आपल्या आवडत्या सहायकाला नेमले, आणि पुढची सात वर्षे आणखी एकाला. सिमियनची पाळी आली ती 1794 साली. मोजून बारा वर्षे!

बाहेर विद्यापीठातही मान नव्हताच. विद्यार्थी टवाळी करीत, उपासनेत गोंधळ घालीत. त्याच्या स्वतःच्या कॉलेजातले सहकारी त्याच्याबरोबर चारचौघांत दिसायला कचरत. एकदा त्यांतला एक जण हिरवळीवर पंधरा मिनिटे त्याच्याबरोबर फिरला, तर त्याचेच सिमियनला नवल वाटले. उतारवयातही ही गोष्ट तो सांगत असे. पंधरा मिनिटांचे फिरणे! फिरणाऱ्याच्या ते लक्षातही राहिले नसेल. पण धीर हा असाच येतो. तो पोत्याने येत नाही, चिमटीने येतो, आणि देणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही की आपण काही दिले.

त्याच दिवसांतली दुसरी एक हकीकत आहे. लोकांच्या तिरस्काराने मन खचलेले असताना तो हातात लहानसा नवा करार घेऊन फिरायला गेला. आज आधाराचे एखादे वचन मिळू दे, अशी त्याने प्रार्थना केली आणि पुस्तक उघडले. पाहतो तो शिमोन कुरेनेकराची गोष्ट! येशूला वधस्तंभाकडे नेताना वाटेत ज्या परक्या माणसाला धरून त्याच्या खांद्यावर तो वधस्तंभ दिला, तो हा शिमोन. सिमियन आणि शिमोन ही मुळात एकाच नावाची दोन रूपे. आपलेच नाव वाचून या तरुणाला वाटले, हे ओझे माझ्या खांद्यावर दिले आहे, म्हणजे हा माझा अपमान नव्हे, मान आहे. पुस्तक उघडून कौल घेण्याची ही रीत सर्वांना पटेल असे नाही. मलाही ती फारशी पटत नाही. पण त्या दिवशी तो घरी परतला तो हलक्या मनाने, हे खरे.

मात्र नुसत्या दिलाशावर बारा वर्षे निघत नाहीत. त्याला हाताला काम होते. 1788 च्या सुमारास धान्य महाग झाले आणि गरिबांना पाव परवडेनासा झाला. केंब्रिज शहरातल्या लोकांसाठी वर्गणी जमली. सिमियनने विचारले, आसपासच्या खेड्यांचे काय? ते काम त्याने अंगावर घेतले. चोवीस गावांत अर्ध्या किमतीत पाव मिळेल अशी व्यवस्था केली, आणि भट्टीवाले लबाडी तर करीत नाहीत ना, हे पाहायला दर सोमवारी घोड्यावर बसून तो स्वतः गावोगाव जाई. केंब्रिजच्या लोकांनी त्याची प्रवचने ऐकली नव्हती, पण हा घोडा त्यांनी पाहिला. त्याच्याविषयीचे मत पालटू लागले ते येथून. पाळकाने प्रवचन चांगले करावे हे ठीकच. पण कित्येकदा प्रवचनाचा अर्थ लोकांना सोमवारी कळतो.

पुढे दिवस पालटले. चर्चमध्ये उभे राहायलाही जागा पुरेना. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या खोल्यांत विद्यार्थी जमत; मोठ्या काळ्या किटलीतून चहा दिला जाई, आणि ज्याला जे विचारायचे ते त्याने विचारावे. ज्याच्याबरोबर पंधरा मिनिटे फिरायला एके काळी कोणी नव्हते, त्याने शेकडो तरुणांना आपली संध्याकाळ दिली. तो संसारी नव्हता. हीच त्याची लेकरे. मध्यंतरी, 1807 पासून कितीतरी वर्षे, त्याचा आवाजच बसला. व्यासपीठावरून कुजबुजण्यापलीकडे बोलवेना. साठीला निवृत्त व्हायचे त्याने ठरवले होते. तोच 1819 मध्ये आवाज परत आला, आणि निवृत्तीचा विषय संपला! 1836 साली मृत्यू येईपर्यंत, चौपन्न वर्षे, तो त्याच एका मंडळीचा पाळक होता.

त्या तरुणांपैकी एकाचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. हेन्री मार्टिन त्याचे नाव. सिमियनचा सहायक म्हणून काम करून तो 1805 साली हिंदुस्थानाकडे निघाला. नव्या कराराचे उर्दू भाषांतर त्याने केले. 1811 मध्ये इराणला जाताना तो मुंबईत थांबला होता, आणि पुढच्याच वर्षी तुर्कस्तानात तोकात या गावी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, वारला. हिंदुस्थानात काढलेली त्याची तसबीर 1812 साली लंडनला पोचली. ती पाहताच सिमियनला राहवेना. शिष्याचा चेहरा इतका ओढलेला, खंगलेला दिसत होता.

ती तसबीर त्याने आपल्या खोलीत शेगडीच्या वर टांगली. आल्यागेल्याला तो ती दाखवी आणि म्हणे, हा माझ्यावरून नजर काढीत नाही. वेळ वाया घालवू नकोस, असे सारखे बजावतो. मग तसबिरीकडे पाहून हसून मान लववी, नाही घालवणार म्हणून तिलाच सांगे, आणि पुन्हा आपल्या कामाला लागे.