दत्तविधान आणि न्यायालय
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या घराण्यांतून दत्तक घेण्याची चाल जुनी आहे. दत्तकपत्र करून ठेवण्याची चाल मात्र अद्याप रुजलेली नाही. मी कायदेपंडित नव्हे. परंतु शाळेचे जनरल रजिस्टर काखेत घेऊन एकदा मला दिवाणी न्यायालयात साक्षीस उभे राहावे लागले, त्या अनुभवावरून बोलतो.

मुलगा माझा विद्यार्थी. लहानपणीच नात्यातील निपुत्रिक जोडप्यास दत्तक गेलेला. समारंभ थाटात झाला, साखर वाटली. दस्त तेवढा राहिला. ते दोघेही निवर्तल्यावर पुतण्यांनी दत्तकच नाकारले. त्यांच्या वकिलांनी मला रजिस्टरातील नाव वाचावयास सांगितले. तेथे जनकपित्याचेच नाव होते! मी खरे तेच वाचले. पण त्या मुलाकडे पाहण्याचा धीर मला झाला नाही. नाव बदलण्याचा अर्ज द्या, असे मीही त्याच्या घरच्यांस कधी बजावले नव्हते.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोम आवश्यक ठेवलेला नाही. मात्र मूल प्रत्यक्ष देणे व घेणे अनिवार्य मानले आहे. न्यायालय प्रथम तेच विचारते: कोणी दिले, कोणी घेतले, पाहिले कोणी? देणारा व घेणारा यांच्या सह्यांचे नोंदलेले दत्तकपत्र असल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, दत्तक विधिवत् झाले असे कलम १६ अन्वये गृहीत धरले जाते. दस्त नसल्याने दत्तक रद्द होत नाही. पण शाबितीचा सारा भार मुलावर पडतो, आणि तोवर भटजी व पंच बहुधा स्वर्गवासी झालेले असतात. आमच्या खटल्यात सुदैवाने जनकमाता हयात होती. ‘मी याला माझ्या हातांनी तिच्या ओटीत घातला,’ असे त्या वृद्धेने सांगितले. निकाल मुलाच्या बाजूने लागला, पण ९ वर्षांनी.

मूल अविवाहित व १५ वर्षांखालील असावे, ही अट रूढी असल्यास शिथिल होते. पत्नीची संमती मात्र सामान्यतः हवीच. मुलगीही दत्तक घेता येते, हे पुष्कळांच्या गावीही नसते! पूर्वी विधवेने घेतलेला दत्तक पतीच्या निधनदिनापासून पुत्र मानला जाई व त्यावरून भाऊबंदकीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालत. १९५६ नंतर आधीच दुसऱ्याची झालेली मिळकत दत्तकास काढून घेता येत नाही. संस्थेतील मुलासाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे गेले.

ज्यांच्या घरी दत्तविधान झाले असून देणारे-घेणारे हयात आहेत, त्यांनी या महिन्यातच दुय्यम निबंधकांकडे जावे, आणि परतताना दस्ताची नक्कल घेऊन मुलाच्या शाळेतही डोकवावे.