रक्तपेढीतून फोन आला तर



मानवतमध्ये एखादी जयंती असो की गणेशोत्सव, रक्तदान शिबिराला तरुण हौसेने येतात. 350 मिलिलिटर रक्त देतात, चहा-बिस्किट घेऊन घरी जातात. काही दिवसांनी एखाद्याला रक्तपेढीतून फोन येतो, 'एकदा येऊन भेटा.' एचआयव्हीची चाचणी 'रिअ‍ॅक्टिव्ह', म्हणजे संसर्गाची शंका दाखवणारी आली, एवढे ऐकताच त्याच्या पायाखालची जमीन सरकते. आज मला त्याच्याशीच बोलायचे आहे.

मित्रा, रक्तपेढीत तपासली जाते ती पिशवी. तिच्याबद्दल जराही शंका आली, तर ती नष्ट करतात. शंकेचा फायदा रक्त घेणाऱ्या रुग्णाला मिळाला पाहिजे, म्हणून ही चाचणी मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवलेली असते. खरा संसर्ग सहसा निसटू नये यासाठी ती कधी कधी निरोगी माणसाच्या रक्तावरही बोट ठेवते. दुसऱ्याच कारणाने शरीरात तयार झालेली प्रतिपिंडेही तिला फसवू शकतात.

हिशेब करून पाहू. समजा, 10,000 रक्तदाते आहेत आणि त्यांपैकी 10 जणांना खरोखर संसर्ग आहे. चाचणी निरोगी माणसांना 99.5 टक्के वेळा बरोबर ओळखते. तरीही सुमारे 50 निरोगी दाते रिअ‍ॅक्टिव्ह निघतील. म्हणजे फोन आलेल्या 60 जणांपैकी 50 जणांना संसर्ग नसेल! पण आपण त्या 50 जणांत आहोत की 10 जणांत, हे घरी बसून कळत नाही.

त्यासाठी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्रात जावे लागते. तिथे नवा नमुना घेऊन वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्यांपर्यंत तपासणी होते. त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर अहवाल 'अनिश्चित' येतो आणि 14 दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. संसर्ग अगदी ताजा असेल, तर प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला वेळ लागतो. तेव्हा चित्र स्पष्ट होण्यासाठी हा अवधी हवा असतो. शंका तरीही राहिली, तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेत जातो.

निकाल हाती येईपर्यंत पुन्हा रक्तदान करू नका आणि शरीरसंबंधात निरोध वापरा. आपली तपासणी फुकटात होईल म्हणून तर रक्तदान मुळीच करू नका, कारण ताजा संसर्ग चाचणीतून निसटू शकतो.

शिबिराच्या संयोजकांनाही एक विनंती. कुणाला फोन आला, याची गावात चर्चा करू नका. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे.

संसर्ग पक्का ठरला, तरी शासकीय एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील उपचार केंद्रात औषधे मोफत मिळतात आणि ती नियमित घेतल्यास दीर्घ आयुष्य जगता येते. म्हणून फोन टाळू नका. शंका असेल, तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारा आणि तपासणी पूर्ण करा.