पाच घरांचा एक डोंगा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण संसार सगळा तलावकाठी झाला, तेव्हा डोंग्याविषयी चार शब्द सांगावेत असा मंडळाचा आग्रह पडला.

आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारी १९५१ साली गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. आपण त्यांना अजून मामा तलाव म्हणतो. मासेमारीसाठी ते सहकारी संस्थांना ठेक्याने मिळतात. पण पाणी संस्थेकडे आले तरी डोंगा ज्याचा त्यालाच करावा लागतो. एका घराला तो झेपत नाही, म्हणून चार-पाच घरे मिळून घेतात. घेताना सगळे हौसेने पैसे काढतात. भांडण पुढे डांबराच्या वेळी होते.

हिशेब सोपा आहे. समजा नाव ३०,००० रुपयांची आणि घरे पाच. घरटी ६,००० पडले. पुष्कळांचा हिशेब इथेच संपतो! पण फटी बुजवणे, डांबर, वल्हे, दोर मिळून वर्षाला ३,००० धरा. शिवाय नाव दहा वर्षांनी बदलायची म्हटली तर त्यासाठी दरसाल आणखी ३,००० बाजूला पडले पाहिजेत. म्हणजे घरटी वर्षाला १,२००, महिन्याला १०० रुपये. मीठमिरचीच्या खर्चासारखे हे शंभर दरमहा निघाले तर जड नाही. एकदम मागितले की कोणाच्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे येतात.

दुसरी अडचण पाळीची. पाच घरांना पाच दिवस वाटून दिले म्हणजे न्याय झाला असे पुरुष मंडळींना वाटते. पण शिंगाडा सगळ्यांचा एकाच वेळी तयार होतो, आणि बाजार आठवड्यातून एकदाच. बाजाराच्या आदल्या दिवसाची पाळी फिरती ठेवावी. आजारपणात चुकलेली पाळी कशी भरून द्यायची तेही आधीच लिहावे.

कोकणच्या मच्छीमारांत एक चांगली रीत आहे. मासळीची वाटणी करताना माणसांच्या वाट्यांबरोबर होडीचा आणि जाळ्याचाही वाटा काढतात. तसा डोंग्याचा वाटा रोज डब्यात पडला, तर जो जास्त वापरतो तो जास्त भरतो आणि कुरकुर आपोआप कमी होते. विलायतेत तर कालव्यावरची एक नाव बारा-बारा कुटुंबे मिळून घेतात, सुटीत राहायला! त्यांनाही दरसाल वर्गणी आहे, परवाना आहे, दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून बुडाला काळा लेप द्यावा लागतो. डांबर काही कोणाला चुकलेले नाही.

आता मला मुख्य सांगायचे आहे ते. जवळच्या एका गावात भागीदारातला एक पुरुष वारला. सहा महिन्यांनी उरलेल्यांनी त्याच्या बायकोला सांगितले, "वैनी, आता तुमच्या घरात डोंगा चालवणारा कोण? तुमचा वाटा संपला." तिने मंगळसूत्रातले मणी मोडून पैसे दिले होते, पण कागदावर तिचे नाव कुठेच नव्हते. ती आता दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याला जाते. डोंगा चालवता येणे वेगळे आणि डोंग्याचा वाटा असणे वेगळे. वाटा भाड्याने देता येतो, मुलगा मोठा होईतो राखता येतो. सहकारी संस्थेत सभासदाच्या मागे भाग कोणाला जावा याची नोंद करण्याची सोय कायद्यातच आहे. पाच घरांच्या डोंग्याला तसा कायदा कोण लावणार? म्हणून वहीत नवराबायको दोघांची नावे हवीत, दोघांच्या सह्या किंवा अंगठे हवेत. कोणाला बाहेर पडायचे असेल तर वाट्याची किंमत कशी धरायची आणि आधी कोणाला विचारायचे, तेही त्याच पानावर.

गोसीखुर्दचे पाणी अडल्यापासून वैनगंगाकाठी पसारा वाढला आहे. तिथे वारा सुटला की लहान डोंगा हेलकावतो. तिकडे जाणाऱ्यांनी तरंगती जाकिटे नावेच्याच खर्चात धरावीत. माणसे जितकी, जाकिटे तितकी.

आपल्या मंडळातल्या ज्या पाच घरांनी यंदा डोंगा घ्यायचे ठरवले आहे त्यांची वही मी आखून आणली आहे. सभा संपल्यावर नावे घालू. घरधनी आले नसतील तर त्यांची जागा कोरी सोडू, पण बायांनी आपली सही आजच करावी.