म्हातारे मांजर रात्री का ओरडते?

मंडळी, आपल्या मालवण किनाऱ्यावर जिथे मासळी, तिथे मांजर. पण तेच मांजर म्हातारे झाले आणि रात्री ओरडू लागले, की आपण म्हणतो, "अपशकुन!" मग कोणी त्याला पोत्यात घालून दूर सोडून येतो.

असे करू नका. मांजराला बोलता येत नाही. ओरडणे हेच त्याचे सांगणे.

दहा-बारा वर्षांचे मांजर म्हातारे समजावे. त्याला ऐकू कमी येते, म्हणून आवाज चढतो. नीट दिसत नाही, म्हणून अंधारात घाबरते. काही मांजरे तर आपल्याच घरात वाट चुकतात. सांधे दुखतात, दात दुखतात, तेही ओरडूनच कळवतात.

दोन खुणा ध्यानात ठेवा. पुष्कळ खाऊनही वाळत चालले, तर गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा रोग असू शकतो. पाणी फार पीत असेल, तर मूत्रपिंड बिघडलेले असू शकते. असे दिसले, तर गुरांच्या डॉक्टरला दाखवा. औषधाने पुष्कळदा आराम पडतो.

मात्र आपली तापाची गोळी देऊ नका हां! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. एका गोळीनेही ते मरू शकते.

रात्री बारीक दिवा ठेवा. खाणे, पाणी आणि गोणपाट रोज एकाच जागी ठेवा.

पाळलेले जनावर उपाशी मरायला टाकून देणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या. ज्याने दहा वर्षे आपले भात उंदरांपासून राखले, त्याच्यासाठी चार रात्री उठलो, तर काय बिघडले?