‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

(मोरा येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरावर उतरलं की ओठांना आधी मीठ लागतं. तेच मीठ तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या डब्यातही शिरतं. ते हवेतली ओल धरून ठेवतं, वर पंख्याने ओढलेली धूळ बसते. मग एक दिवस पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी. दुकानदार म्हणतो, ‘बोर्ड गेला.’ मुलीचा प्रवेश-अर्ज भरायचा असतो, म्हणून बाप हप्त्यावर नवीन मशीन उचलतो.

‘बोर्ड गेला’ हे शेवटचं निदान आहे, पहिलं नव्हे. आधी मॉनिटरची केबल तपासा. मग प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅमची पट्टी काढा. सोनेरी कडेवर कोरडा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका. ओलं फडकं नको! दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. दोष पट्टीचा की स्लॉटचा, ते तिथेच कळतं. यासाठी पैसे लागत नाहीत.

मशीन अजिबातच हललं नाही, तर संशय एसएमपीएसवर. तो डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. दुसरा चालू एसएमपीएस लावून बघणं हाच शहाणपणा.

आता एक फसवं दुखणं. मशीन चालू होतं, पण तारीख दरवेळी कित्येक वर्षं मागे जाते. बँकेची, अर्जाची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. घरचे म्हणतात, नेट गेलं. खरं तर गेलेला असतो बोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि घड्याळ चुकलं की ती मुदत जुळत नाही. सेल बदला, तारीख लावा, अर्ज भरा.

कपॅसिटर फुगलेत, तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटल्यात, असं डोळ्यांनी दिसलं तर बोर्ड खरंच गेला असं माना. तरी भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. तुमचं आधार कार्ड, लग्नाचे फोटो त्यातच आहेत.

टेबलावर दोन बंद मशीन ठेवलीत. आधी मुलींनी पुढे या. स्क्रू-ड्रायव्हर नेहमी पोरंच पकडून बसतात.