कराचीच्या ठरावातील एक ओळ

१९३१ साल उजाडले तेच फाशीच्या वार्तेने. त्या वर्षी १२ जानेवारीला पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरचे चार तरुण फासावर गेले : मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. पुढे बरोबर सत्तर दिवसांनी, २३ मार्चच्या संध्याकाळी, लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि पुण्याजवळच्या खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना फाशी देण्यात आली. वेळ संध्याकाळची निवडली होती. रीत पहाटेची असते. सरकारलाही आपण करीत आहोत ते उजेडात करवत नव्हते, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले असले पाहिजे.

याच आठवड्यात कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सरदार वल्लभभाई पटेल होते. गांधीजी कराचीजवळच्या स्टेशनात उतरले तेव्हा संतप्त तरुणांनी काळ्या कापडाची फुले त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी ती शांतपणे घेतली. भगतसिंग आणि त्यांचे साथी यांच्याविषयीचा ठराव याच अधिवेशनात झाला. हिंसा काँग्रेसला मान्य नाही, परंतु या तिघांच्या शौर्यापुढे आणि त्यागापुढे ती नतमस्तक आहे, अशा दुहेरी वळणाचा तो ठराव गांधीजींनी लिहिला, जवाहरलालजींनी मांडला आणि पंडित मालवीयांनी त्यास अनुमोदन दिले.

मला आज बोलावयाचे आहे ते मात्र त्याच अधिवेशनातील दुसऱ्या एका ठरावाविषयी. स्वराज्य म्हणजे नेमके काय, हे सामान्य माणसाला कळावे म्हणून काँग्रेसने कराचीला मूलभूत हक्कांचा आणि आर्थिक धोरणाचा ठराव केला. ऑगस्टमध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीने तो सुधारून पक्का केला. या पक्क्या मजकुरात, भाषणस्वातंत्र्य, प्रौढ मतदान, सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण, पदव्या न देण्याचा नियम अशा कलमांच्या रांगेत एक अगदी आखूड कलम आहे : देहान्ताची शिक्षा असणार नाही. त्याला अपवाद जोडलेला नाही, अट नाही, 'शक्य तोवर' असा शब्दही नाही.

सरकारी नोकराने राजकीय पक्षाच्या भूमिकेवर बोलावे काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. ती रास्त आहे. मी कोणत्याही पक्षाचा वकील नाही आणि फिर्यादीही नाही. छापील ठराव आणि संमत झालेले कायदे एकमेकांशेजारी ठेवून वाचावयाचे, एवढाच माझा हेतू आहे. काँग्रेसचे उदाहरण घेतो ते एवढ्याचसाठी की, या देशात फाशी रद्द करण्याचे वचन इतक्या स्पष्टपणे आधी देऊन, नंतर फाशीची दोरी इतकी वर्षे स्वतःच्या हाती धरण्याचा प्रसंग दुसऱ्या कोणत्या पक्षावर आलेला नाही.

कराचीच्या यादीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्यातील बहुतेक कलमे आपल्या राज्यघटनेत या ना त्या रूपाने उतरली. पदव्यांची बंदी अठराव्या अनुच्छेदात आली. प्रौढ मतदान आले. प्राथमिक शिक्षण निदेशक तत्त्वांत गेले आणि पुढे २००२ साली मूलभूत हक्क झाले. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या यादीत होता. तो गळाला, आणि गळाला हे बरेच झाले. फाशीविषयीची ओळही गळाली. इतकेच नव्हे, तर कायद्याने ठरविलेल्या पद्धतीनुसार मनुष्याचे जीवित हिरावून घेता येईल, हे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने गृहीत धरले आणि बहात्तराव्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींकडे क्षमेचा अधिकार दिला.

घटनासमितीत ही ओळ कोणी उचललीच नाही असे नाही. १९४८ च्या अखेरीस झेड. एच. लारी यांनी फाशी रद्द करणारी दुरुस्ती मांडली. सशस्त्र राजद्रोहाचा तेवढा अपवाद ठेवला. लारी मुस्लिम लीगचे. तत्त्व मान्य असले तरी ते घटनेत नको, पुढे विधिमंडळाने पाहावे, असा सूर उत्तरादाखल निघाला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांनीही त्या दिवशी ती स्वीकारली नाही. परंतु ३ जून १९४९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाकडे फौजदारी अपिले किती जावीत याचा खल चालू असता, डॉ. आंबेडकरांनीच सांगितले की, आपण अपिलाची वाट रुंद करीत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करणे पसंत करू. कारण हा देश अहिंसेला आचरणात नसली तरी नीतीचा आदर्श म्हणून मानतो. मुस्लिम लीगचा एक सभासद आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे संस्थापक यांच्या तोंडून कराचीचा शब्द निघावा, आणि ज्यांनी तो उच्चारला होता त्या पक्षाचे बहुमत स्वस्थ बसावे, हा प्रकार मला मोठा विलक्षण वाटतो.

आता त्यांची बाजू. फाळणीचे रक्त सुकले नव्हते. गांधीजींचा खून झाला होता. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात त्या खुनाबद्दल दोघांना फाशी झाली; दोघेही आपल्या पुण्याकडचे, मराठी बोलणारे. त्यांचा प्राण वाचवावा अशी विनंती गांधीजींचेच पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी केली होती. देहदंडाविरुद्ध गांधीजींचे मत जगजाहीर होते. तरीही ती विनंती मान्य झाली नाही. नव्या राज्याने पहिल्याच परीक्षेत दुबळेपणा दाखविला असे लोक म्हणतील, ही भीती खोटी नव्हती. ज्यांच्यावर राज्य चालविण्याची जबाबदारी असते त्यांना ती कळते. त्यानंतर अकरा दिवसांनी घटना संमत झाली. तेव्हा ढोंगीपणाचा सोपा आरोप मी करणार नाही. दुसऱ्याच्या हातातील दोर पाहून जे सुचते ते स्वतःच्या हाती दोर आल्यावर सुचत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि पक्ष माणसांचेच बनलेले असतात.

माझा आक्षेप निराळा आहे. कराचीची ओळ मागे घेतली, असे पक्षाने कधी देशाला समजावून सांगितले नाही. ज्या धारिकेवर होकारही लिहिला जात नाही आणि नकारही लिहिला जात नाही, ती निकालात निघाली असे आम्ही कचेरीत मानीत नाही. ती कपाटात असते. ही ओळही तशीच राहिली, आणि पक्षाचेच सभासद तिला अधूनमधून कपाटाबाहेर काढीत राहिले. १९५६ साली मुकुंदलाल अगरवाल यांनी लोकसभेत फाशी रद्द करण्याचे विधेयक आणले. १९५८ साली राज्यसभेत नामनियुक्त सभासद पृथ्वीराज कपूर यांनी ठराव मांडला आणि चर्चेअंती मागे घेतला. १९६१ साली सावित्रीदेवी निगम, १९६२ साली रघुनाथ सिंह. नट पृथ्वीराज सोडले तर हे सारे काँग्रेसचेच. रघुनाथ सिंह यांच्या ठरावानंतर सरकारने प्रश्न विधी आयोगाकडे सोपविला, आणि १९६७ साली आयोगाने पस्तिसाव्या अहवालात सांगितले की, देशाचा विस्तार, लोकांच्या शिक्षणातील व संस्कारांतील अंतर, सुव्यवस्थेची गरज हे पाहता भारताने हा प्रयोग करण्याचा धोका पत्करू नये.

प्रयोग या शब्दापाशी मी थोडा थांबतो, कारण प्रयोग होऊन गेला होता. त्रावणकोर संस्थानाने १९४४ साली फाशी बंद केली होती. भारतात सामील झाल्यावर सर्व देशाचा कायदा तेथे लागू झाला आणि फाशी परत आली. फाशी नसतानाच्या आणि ती परत आल्यानंतरच्या वर्षांतील खुनांच्या संख्येत डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडला नाही. एका लहान प्रदेशावरून खंडप्राय देशाचे अनुमान काढू नये, हे खरे. पण ज्याला पुरावा पाहिजे होता त्याच्या घरातच थोडासा पुरावा पडून होता.

याच काळात एक गोष्ट मात्र अगदी मुकाट्याने घडली, आणि ती सांगितल्यावाचून हा हिशेब न्याय्य होणार नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असा नियम होता की, फाशीस पात्र अपराधात न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर ती का दिली नाही याची कारणे त्याने लिहावीत. म्हणजे फाशी हा नियम आणि जीवदान हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने ते बंधन गेले. १९७३ च्या नव्या संहितेने पारडे पुरते उलटविले : आता फाशी द्यावयाची असेल तर विशेष कारणे लिहिली पाहिजेत. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच पायावर 'विरळात विरळ' प्रकरणाची कसोटी उभी केली. दोन्ही बदल काँग्रेस सरकारांच्या काळातले. त्यांच्यासाठी मिरवणूक निघाली नाही, पण कराचीच्या ओळीने जे साधले नाही त्याचा काही भाग या दोन रूक्ष कलमांनी साधला. किती माणसांचे प्राण त्यामुळे वाचले हे कोणी मोजू शकणार नाही. माझ्यासारख्या कागदांत वावरणाऱ्या माणसाला याचे विशेष कौतुक वाटते, हे कबूल करतो.

परंतु एका हाताने दार लोटीत आणावे आणि दुसऱ्या हाताने नवे दार उघडावे, असेही झाले. १९८७ साली सतीप्रतिबंधक कायदा आला; सती जाण्यास चिथावणी देणाऱ्यास फाशीची तरतूद झाली. त्याच वर्षी दहशतवादविरोधी कायद्यात, १९८९ पासून मादक द्रव्यांच्या कायद्यात पुन्हा अपराध करणाऱ्यास. प्रत्येक वेळी अपराध घोर होता, लोकांचा संताप खरा होता. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडले त्यानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. समितीने बलात्कारासाठी फाशी नको असा सल्ला दिला. समिती सरकारनेच नेमलेली, सल्ला लेखी आणि सकारण. तरी २०१३ च्या कायद्यात फाशी आली. बलात्काराचा अपराध दुसऱ्यांदा सिद्ध झाल्यास फाशी देऊ करणारे कलम प्रथम वापरले गेले ते मुंबईच्या शक्ती मिलच्या खटल्यात, २०१४ साली. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या.

इतिहासाचे योगायोग कधी कधी बोचरे असतात. १९३१ चे ते चार हुतात्मे सोलापूरचे. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच येरवडा तुरुंगात मुंबईवरील हल्ल्यातील अपराध्याला फाशी झाली, तेव्हा देशाचे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे हेही सोलापूरचेच. दोन्ही घटनांची तुलना करणे हा हुतात्म्यांचा अपमान ठरेल. ती मी करीत नाही. निरपराध माणसांना टिपून मारणाऱ्याविषयी माझ्या मनातही दयेचा पाझर फुटला नव्हता. पण कराचीची ओळ निरपराधांसाठी लिहिलेली नव्हती. तिची कसोटी लागावयाची ती अशाच माणसावर, ज्याच्यासाठी कोणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही.

दयेचा अर्ज आला म्हणजे काय होते, हे श्रोत्यांना ठाऊक असावे. निकालपत्रे, तुरुंगातील नोंदी, राज्याचे अभिप्राय यांची धारिका गृहखात्यात येते, टिपणे लिहिली जातात, मंत्र्यांची शिफारस होते आणि राष्ट्रपती त्या शिफारशीनुसार निर्णय देतात. धोरण निश्चित नसले की अशी धारिका जड होते. कोणालाच ती पुढे ढकलाविशी वाटत नाही. विलंबाच्या कारणाने जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच निकालात पंधरा जणांची फाशी रद्द केली. पुण्याजवळ २००७ साली घडलेल्या एका निर्घृण खुनाच्या प्रकरणात, दयेचे अर्ज फेटाळले गेल्यावरही दिवस मुक्रर होईपर्यंत वर्षे गेली. २०१९ साली उच्च न्यायालयाने ती शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मृत मुलीच्या आईबापांना काय वाटले असेल? आणि कोठडीत रोज पावलांचा आवाज ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल? पक्षांनी उत्तर दिले नाही की ते उत्तर कचेऱ्यांतील विलंब देतो, आणि तो विलंब कोणालाच न्याय देत नाही.

इतर पक्षांनी अलीकडे तोंड उघडले आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने २०१३ साली फाशी रद्द करावी अशी भूमिका घेतली. २०१५ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे डी. राजा यांनी राज्यसभेत ठराव आणला. त्याच वर्षी विधी आयोगाने दोनशे बासष्टाव्या अहवालात आपले जुने मत बदलून, दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध सोडून अन्य अपराधांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशी कायम आहे आणि झुंडीने केलेल्या हत्येसाठी तिची नवी भर पडली आहे. हे विधेयक २०२३ साली संसदेच्या स्थायी समितीपुढे असताना भिन्नमतपत्रिका जोडणाऱ्यांत काँग्रेसचे पी. चिदंबरम होते. फाशीने जरब बसते असा अनुभव नाही, आमरण कारावास हीच अधिक कठोर शिक्षा होय, असे त्यांनी लिहिले. २००८ ते २०१२ या काळात तेच देशाचे गृहमंत्री होते आणि दयेच्या अर्जांच्या धारिका त्यांच्याच मेजावरून जात. हे लिहिताना त्यांचा पक्ष विरोधी बाकांवर होता.